सुरेखाचे जपून ठेवलेले बूट

मित्रांनो, मी एक डावा बूट. जन्मलो बर्फात चालण्यासाठी आणि राहायला आलो सिंगापूरला, जिथे बर्फ सरबतापुरताच! आत ऊबदार लोकर, खाली जाड तळवा, दिसायला मी राजबिंडा. २०११ साली सुरेखाने मला आणि माझ्या उजव्या भावाला एका मॉलमधून आणलं. सांगलीच्या कॉलेजातले तिचे मित्र नंदा आणि निशिकांत नोकरीसाठी इथेच होते. तिघांचं ठरलं होतं, मार्चअखेरीला जपानला जायचं, गाडी भाड्याने घेऊन भटकायचं आणि स्कीइंग शिकायचं.

"काय देखणे आहेत गं!" नंदा म्हणाली. मी जो काही फुगलो म्हणता!

पण त्याच मार्चात जपानला मोठा भूकंप झाला आणि ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ऑफिसचं काम आडवं आलं, मग लेकीची, जाईची परीक्षा. दर खेपेला सुरेखाच म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." खरं कारण मला ठाऊक होतं. तिला पडायची भीती वाटायची. सेम्बावांगच्या तिच्या फ्लॅटमध्ये, सिंगापूरच्या नव्या घरांत असतं तसं, जाड भिंतींचं छोटंसं बॉम्ब शेल्टर होतं. सगळेजण त्याची अडगळीची खोली करतात, तिनेही केली होती. तिथे तांदळाच्या पोत्यामागे आम्ही बसून राहिलो. दिवाळीत ती आम्हाला पुसायची, घालायची मात्र कधीच नाही. दमट हवेने तळवा आतून कुजत चालला होता, पण वरून मी टकाटक!

२०१७ मध्ये निशिकांत कायमचा पुण्याला निघाला. "सुरेखा, आता नाही तर कधीच नाही," तो म्हणाला. तेव्हा कुठे आम्ही बाहेर निघालो.

"मम्मा, सो ओल्ड ला!" जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"गप गं. एकदाही वापरले नाहीत."

विमानात आम्ही बॅगेत होतो, नंदाने चालवलेल्या गाडीत डिकीत. स्कीच्या मैदानाबाहेर सुरेखाने आम्हाला घातलं. चार पावलं टाकली आणि रव्याच्या लाडवासारखा माझ्या तळव्याचा भुगा झाला. उजव्याचंही तेच. लाजेने मेलो हो मी!

"बूटच गेले," सुरेखा म्हणाली. तिला चक्क हायसं वाटलं होतं. "तुम्ही जा, मी गाडीत बसते."

निशिकांतने आम्हाला काखोटीला मारलं. "स्कीचे बूट आत भाड्याने मिळतात. पन्नास पावलं आहेत. मोज्यांवर चल."

"वेडा आहेस का? बर्फ आहे तो!"

"मग पाठीवर बस. गाडीत बसायचं नाही."

"एवढी काही म्हातारी झाले नाही मी!" असं म्हणून ती निघाली. ओल्या बर्फात, मोज्यांवर, "आई गं, आई गं" करत. माझी धनीण एवढी धीट आहे हे मला सहा वर्षांत कळलंच नव्हतं.

दिवसभर मी भाड्याच्या बुटांच्या दुकानात खिडकीशी बसून काचेतून पाहत होतो. नऊदा आपटली बाई. नऊदा उठली. दहाव्या वेळी उतारावरून सरळ खाली आली आणि किंचाळली, "नंदे, मला येतंय!" मला तळवा असता तर मी नाचलो असतो.

संध्याकाळी तिने आम्हाला कचऱ्याच्या डब्यात हळूच ठेवलं. निशिकांतला म्हणाली, "सहा वर्षं मीच अडवून धरलं रे तुम्हाला." त्याचं पुण्याचं विमान शुक्रवारी आहे.

मित्रांनो, नवे बूट आणलेत ना? मग भाजी आणायला घाला, चिखलात घाला, चांगले झिजवा. या तिघांच्या सहा सहली झाल्या असत्या, झाली एक. आणि तीसुद्धा मी काचेआडून पाहिली.