शेवटच्या पेटीतली हवा

मातीतून किती वायू निसटून हवा तापवतो, हे मोजण्यात मातीवाल्या बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. शेतात ओळीने बिनबुडाच्या पेट्या रोवायच्या, झाकणं लावायची आणि थोड्या वेळाने सुईने आतली हवा काढून तपासायची. यंदा नांगरट बंद केल्यावर मातीतून निसटणारा वायू घटला आणि सगळ्या पेट्या सुतासारख्या सरळ आल्या, शेवटची मेली मात्र ऐकेना. तिच्यात कार्बन डायऑक्साइड चढाच. पेटी बदलून झाली, शेवटी बाईंनी हात टेकले.

आज नवरा डबा घेऊन आला होता आणि बांधावर बसून बघत होता. शेवटच्या पेटीशी बाईंची कंबर नेहमीसारखी बोलायला लागली. त्या पेटीवर वाकल्या, "आई गं, संपलं एकदाचं," म्हणत लांबलचक उसासा टाकला आणि झाकण दाबलं.

"रोज असाच उसासा आत कोंडतेस?" नवऱ्याने विचारलं.

बाई झाकणाकडे बघतच राहिल्या. हंगामभर त्यांनी मातीच्या नावाने बोटं मोडली होती. निमूटपणे झाकण काढून त्यांनी पेटीला वारा लागू दिला, मग श्वास रोखून पुन्हा वाकल्या.

"फार दमलीस का गं?" तो म्हणाला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून मानेनेच 'नाही' म्हटलं.