मागून पाचवी खिडकी

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. माझ्या पायाशी एक पत्र अकरा महिने पडून होते. त्याला उत्तर गेले नाही. मला हात नाहीत, तरी त्यात माझाच हात होता, असे मला वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे लाखो ठिपके धडधाकट होते. त्यांना पिक्सेल म्हणतात. सात वर्षे मी एका दवाखान्यात पेशंटचे नंबर दाखवले. तिथून काढून टाकल्यावर भिंगकाकांकडे आलो. जहाजांच्या कारखान्यात आराखडे काढून ते निवृत्त झाले होते. आता ते जुनी लढाऊ जहाजे काढत, एकेक ठिपका रंगवून. एक ठिपका म्हणजे दोन फूट. डोलकाठी एका ठिपक्याने जाड झाली तरी त्यांचा दिवस वाईट जाई. डोळ्यांना त्रास नको म्हणून माझा पडदा ते नेहमी गडद ठेवत.

काम मोठ्या आकारात चाले, पण शेवटची मोजणी खऱ्या मापात, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्याला माझा एक ठिपका, माझ्या काचेला भिंग लावून, आगकाडीच्या टोकाने. आराखडा पुरा पाहूनच तपासायचा, हे त्यांना नोकरीत शिकवलेले होते.

एका दुपारी ते दोन डोलकाठ्यांच्या एका जहाजाच्या तोफांच्या खिडक्या रंगवत होते. प्रत्येक खिडकी एक काळा ठिपका. तेवढ्यात काकूंची हाक आली, "अहो, जेवायला येताय की जहाजावरच वाढू?"

काका हसत उठले. परत आल्यावर एक खिडकी सोडून त्यांनी पुढची रंगवली. मी पाहिले, पण मला सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात माझा एक ठिपका मेला आणि कायमचा काळा पडला. एरवीच्या गडद पडद्यावर तो दिसत नसे. खऱ्या मापात ते चित्र उघडले की तो नेमका सुटलेल्या जागी येई. काकांनी मोजल्या. बरोबर चौदा. चित्र एका मासिकात छापून आले. तो अंक काकांपर्यंत मात्र पोचलाच नाही.

मग एका सुताराचे पत्र आले. काकांनी ते काकूंना वाचून दाखवले. 'तुमचे चित्र पाहून लाकडी जहाज करतो आहे. मागून पाचव्या तोफेवर माझे पणजोबा होते, असे आमच्या घरात सांगतात. तुमच्या चित्रात तिथे नुसती फळी आहे. खरे काय ते कळवा. तोवर तेवढी जागा कोरत नाही.'

काकांनी भिंग लावले. मागून पाचवी खिडकी जागच्या जागी होती.

"ढळढळीत दिसतेय! हा माणूस माझी थट्टा करतोय का?"

"मग तसं कळवा ना त्यांना."

"आणि माझंच चुकत असलं तर?"

ते दोन्हीकडून अडकले. रोज मोजत, रोज चौदा भरत, आणि विश्वास मात्र रोज थोडा कमी होई. नवे जहाज त्यांनी काढले नाही. माझ्यावर धूळ बसू लागली.

अकरा महिन्यांनी भाचीच्या बाळाचे फोटो आले. काकू खुर्ची ओढून बसल्या.

"अगं बाई! नाकावर तीळ आहे की हो!"

पुढच्या फोटोत बाळ पाठमोरे होते. तीळ पांढऱ्या दुपट्यावर होता. त्याच्या पुढच्यात तो भाचीच्या सासऱ्यांच्या दातावर बसला.

"हा तीळ घरभर हिंडतोय का काय?"

काका हसले नाहीत. त्यांनी जहाजाचे चित्र उघडले आणि हळूच बाजूला सरकवले. काळ्या ठिपक्यांची रांग सरकली. एक ठिपका जागेवरच राहिला. मग त्यांनी चित्र मोठे केले. मागून पाचव्या जागी नुसती फळी होती.

"तेरा," ते म्हणाले. "बिचारा खरं सांगत होता."

"मग चूक या डब्याचीच की!"

"डब्याचा एक ठिपका गेला. खिडकी मी सोडली. मोठं करून बघायला मला कुणी अडवलं होतं?"

मित्रांनो, काकांनी दोष माझ्यावर ढकलला नाही, हे मी विसरलो नाही. आमच्यासारख्या जुन्या वस्तू पुसत जा, वापरत जा. पण आम्ही दाखवू तेच खरे, असे मानू नका. कधीतरी चित्र थोडे सरकवून पाहा.

काकांनी खिडकी रंगवली आणि टेबलाशी बसून उत्तर लिहिले. चार कागद फाडले. पाचव्यावर तीनच ओळी होत्या, त्या त्यांनी मोठ्याने वाचल्या. 'चौदा खिडक्या. तुमचे पणजोबा जिथे सांगता तिथेच होते. उशीर आणि चूक, दोन्ही माझी.'

"आता पेटीत टाका," काकू म्हणाल्या. "नाहीतर याचंही लोणचं घालाल."

माझ्या समोरच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची पत्रपेटी दिसते. काका तिच्यापाशी गेले. पत्ता पुन्हा वाचला. पाकीट अर्धे आत घातले आणि परत बाहेर काढले. तिकीट अंगठ्याने दाबले. मग त्यांनी पाकीट आत सोडले, आणि ते पडल्याचा आवाज येतो का म्हणून पेटीला कान लावला.