राणीच्या केसांचं लॉकेट

मी एक जुनं सोन्याचं लॉकेट आहे, आणि खरं सांगायचं तर मित्रांनो, मी फार भित्रं आहे. माझ्या काचेखाली केसांची नाजूक सोनेरी वेणी आहे. सगळे म्हणतात, ती राणीची.

राणी बाळंतपणात गेली. राजानं तिची एक बट जपून ठेवली आणि ती लॉकेटसाठी विणायला दूरच्या डालार्ना प्रांतातल्या मार्गित नावाच्या बाईला स्टॉकहोमच्या राजवाड्यात बोलावलं. तिच्या गावच्या बायका केसांचे दागिने विणण्यात पटाईत. सोबतीला तिची सोळा वर्षांची लेक ब्रिता आली होती. विणण्याआधी केस सोड्याच्या पाण्यात उकळतात. राजवाड्याचं काम! त्या धास्तीनं मार्गितचा अंदाज चुकला आणि सोडा भरमसाट पडला. झाकण काढलं, तर आत नुसता लगदा.

"मेलो गं आपण! आता फासावर देतील!"

"आई, गळा काढू नकोस, कात्री दे," ब्रितानं स्वतःची वेणी पुढं ओढली. "राणीचे केस काही माझ्याहून बरे नव्हते!"

त्या दिवसापासून भीती माझ्या पाचवीलाच पुजली. राजा रोज मला खिडकीशी नेऊन निरखायचा. एकदा राणीची म्हातारी दासी वाकून म्हणाली, "बाईसाहेबांचे केस जरा सरळ होते, नाही?"

"विणल्यावर वळतात गं," राजा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

दोन वर्षांनी मार्गित न बोलावता आली. काच पुसायला हवी म्हणाली. ब्रिता तापानं गेली होती. जगाचे केस विणणाऱ्या त्या बाईनं आपल्या पोरीची एक बटही घरी ठेवली नव्हती.

राजा समोरच बसला होता. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं मला गालाशी धरलं आणि ती हुंदके देऊ लागली. माझा थरकाप उडाला. आता ही सगळं बोलून जाणार!

"माझ्या राणीवर तुझा एवढा जीव होता?" राजानं विचारलं.

मार्गितनं मला छातीशी धरलं. मग म्हणाली, "होता, महाराज."

राजाचेही डोळे भरून आले. दोघं माझ्याकडे बघत कितीतरी वेळ रडत होती.

आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात असतं. माझ्याखाली राणीचं नाव लिहिलंय. मला अजून भीती वाटते, म्हणून ते तसंच राहू द्या. पण मित्रांनो, कधी मला पुसायची वेळ आलीच, तर हळू पुसा, आणि मनातल्या मनात एकदा ब्रिताला हाक मारा.