समोरून काढलेली कॅसेट

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण माझ्या हातचा ब्लाऊज घालून रहिमतपुरात कुणी बाई खांदा ओढत बसलेली मी पाहिली नाही. शहाण्णव साली मी पोस्टानं शिवण शिकवत होते. मी सांगायची, सून मयूरी लिहायची, कागद गावोगाव जायचे. कागद वाचून कापड कापायला जमत नाही, अशी पत्रं यायला लागली. तेव्हा मयूरीनं धड्यांना व्हिडिओ कॅसेट जोडायचं काढलं. माहितीपत्रकात तशी ओळही वाढवली.

शूटिंगला लालासाहेब आला, लग्नाच्या कॅसेटी काढणारा. तो म्हणाला, तुमच्या पाठीमागून, खांद्यावरून घेतो, म्हणजे हात नीट दिसतील. मी त्याला झाडला. चार घरच्या बायका बघणार आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसू? आमच्यात आल्यागेल्याला कुणी पाठ दाखवत नाही. चांगलं इरकल नेसून समोर बसले आणि म्हटलं, मी करते तसं करा.

पहिली कॅसेट गेली पोस्टानं शिकणाऱ्या खंडाळ्याच्या प्रियदर्शनीला. तिथल्या महिला मंडळाचं शिवणकेंद्र निघणार होतं, शिकवायला बाई हवी होती. अध्यक्षीणबाईंच्या लेकीचे लग्नाचे सात ब्लाऊज शिवून दाखव, जागा तुझी, असं मंडळानं तिला सांगितलेलं. सासरचे तिला दुसऱ्या कशासाठी उंबऱ्याबाहेर सोडणार नव्हते. हे तिनंच पत्रात लिहिलं होतं.

महिन्यानं ती सासूची परवानगी काढून, पिशवी घेऊन माझ्या दारात. मी ब्लाऊज उलगडले. टाके बारीक, बाही चोख. आणि सातही ब्लाऊजांना हुकाची पट्टी डावीकडे, पुरुषांच्या शर्टासारखी. नवरीच्या अंगाला उलटं लावलं म्हणून मंडळानं ते तिच्या अंगावर फेकले होते. कापलेल्या कापडाला इलाज नव्हता.

माझं तोंड सुटलं. "डावं-उजवं तरी कळतं का गं तुला?"

ती खाली बघून म्हणाली, "आवं बाई, कॅसेटमधी दिसलं तसंच कापलंय. थांबवून थांबवून बघितलं."

मयूरीनं कॅसेट लावली. पडद्यावर मी ऐटीत बसलेली, आणि माझा उजवा हात, माझी उजवी पट्टी, सगळं बघणारीच्या डावीकडे. वीस वर्षं मी पोरी शेजारी बसवून शिकवल्या. समोर बसवून कधी नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं खंडाळ्याला गेले. जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती, ती मंडळापुढं घातली. पोरीची चूक नाही, माझी आहे, असं सांगितलं. अध्यक्षीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गुरूच असा, तर ही आमच्या पोरींना काय शिकवणार? केंद्राला त्यांनी वाईची बाई ठरवलीही होती.

परतताना प्रियदर्शनीकडे गेले. ओट्यावर बसून घडलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, ओझं उतरेल.

ती म्हणाली, "कशाला गेला बाई? हात चुकला माझा, असं म्हणून मंडळाला पुन्हा विचारलं असतं कवातरी. आता शिकलेलंच खोटं ठरलं."

आतून सासूनं हाक मारली, तशी ती उठून गेली. परतीच्या गाडीला अजून तास होता. मी तिथंच बसून राहिले.