रिजेक्ट माल

योगिनीने लोहचुंबक पुन्हा एकदा त्या तारेच्या वेटोळ्यावरून फिरवला. तो चिकटला नाही. पॉलिश पेपरने काळपट थर घासला, तशी आतून लालसर चमक वर आली. तांबंच होतं.

आदल्या संध्याकाळी गणराजने ते डब्याच्या पिशवीतून काढून तिच्या हातात ठेवलं होतं.

"रिजेक्ट माल. फेकूनच देणार होते."

असं तो नेहमीच म्हणायचा आणि तिने कधी पुढे विचारलं नव्हतं. पण चाकणच्या त्याच्या कंपनीत नुसते ब्रॅकेट बनत. एका बाजूने पत्रा आत जायचा, दुसऱ्या बाजूने ब्रॅकेट बाहेर यायचे. तिथं तांब्याचं काय काम?

मोशीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरावर गच्चीची खोली होती. तिथं भिंतीला टेकवलेल्या मोठ्या पत्र्यावर योगिनीच्या चित्राचं काम चाललं होतं. खाणीतल्या काळ्या दगडाची पूड, काव, फोडलेल्या दगडाच्या पोकळीत सापडणारे पांढरे स्फटिक, आणि या सगळ्यातून वाट काढत गेलेले गणराजने आणलेले धातूचे तुकडे. निगडीच्या प्रदर्शनात ते लागणार होतं. तिचं काम पहिल्यांदाच घराबाहेरच्या भिंतीवर जाणार होतं. प्रदर्शन भरवणाऱ्या नेहाने सकाळीच फोनवर विचारलं होतं, "ताई, धातू कुठून मिळवता? लोक हमखास विचारतात."

योगिनी पत्र्याजवळ गेली आणि एकेक तुकडा निरखू लागली. दातेरी चाक. पितळी वॉशर. कुठल्याशा पंख्याचं अॅल्युमिनियमचं पातं. ब्रॅकेट एकही नव्हता. नापास मालावर लाल रंगाचा ठिपका मारतात, हे नवीन लग्न झालं तेव्हा गणराजनेच तिला कौतुकाने सांगितलं होतं. तो ठिपकाही कशावर नव्हता.

संध्याकाळी तो आला. मोरीत हात धूत होता, तेव्हा ती दारात उभी राहिली.

"गेटवर झडती घेत नाहीत का हो?"

"घेतात की."

"मग तुम्हाला कसं सोडतात?"

"सिक्युरिटीवाला आपल्या बीडचाच आहे." त्याने धुतलेल्या हातांना पुन्हा साबण लावला.

खालच्या मजल्यावरच्या धोंडीबाला गेल्या उन्हाळ्यात पितळ चोरताना पकडलं होतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळी गल्ली गॅलरीत उभी होती. धोंडीबाची बायको आता कुणाशी बोलत नसे.

योगिनी वर गेली. उलथन्याने तिने पितळी वॉशर उचकटून काढला. त्याखालची काव खरवडली गेली.

दुसऱ्या दिवशी ते वेटोळं पिशवीत टाकून ती कुदळवाडीला गेली. करीमभाईंच्या भंगाराच्या गाळ्यावरून पूर्वी ती लोखंडाचा कीस आणायची. माल बघितला की तो कुठल्या कामातला हे ते सांगू शकत. चोरीचा असला तर मात्र काय सांगतील, या विचाराने ती फाटकाशीच घुटमळली.

आत ढिगाभोवती माणसं उकिडवी बसली होती. त्यांतला एक पाठमोरा माणूस हातातला चुंबक तुकड्यांवर टेकवत होता. चिकटलं की डावीकडे, नाही चिकटलं की उजवीकडे. त्याच्या राखाडी शर्टाच्या पाठीवर कंपनीचं नाव होतं. त्या नावाखाली उसवलेली शिवण तिनेच पुन्हा घातली होती.

"अरे ताई, किती दिवसांनी!" करीमभाई बाहेर आले. मग ती कुठे बघतेय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा आवाज उतरला. "मी त्याला म्हटलं होतं, घरी सांगून टाक. त्यांची कंपनीतली लाइन बंद झाली ना दिवाळीत. तेव्हापासून इथंच येतोय."

योगिनीने वेटोळ्याची पिशवी पाठीमागे धरली.

"जाताना रोज एक तुकडा मागून घेतो. पण कुठला घ्यावा म्हणून ढिगापाशी बराच वेळ बसतो. उन्हात धरून बघतो. पोरं हसतात त्याला." ते मागे वळले. "बोलवू का?"

"नको. मी आले होते म्हणून सांगू नका."

संध्याकाळी गणराजने पिशवीतून लोखंडी कडी काढली. जळून निळी-जांभळी झालेली.

"रिजेक्ट," तो म्हणाला.

तिने ती घेतली नाही. वाटीत चिकटवायचं रेझिन कालवत म्हणाली, "आज तुम्हीच लावा. कुठं ते तुम्हीच ठरवा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळतं तुम्हाला."

गणराजने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो पत्र्यासमोर उभा राहिला, मागे सरला, पुन्हा जवळ गेला. अगदी खालच्या कोपऱ्यात, काळ्या पुडीत, जिथं तिने काहीच ठेवलं नसतं, तिथं त्याने कडी टेकवली. तिने रेझिन सोडलं.

"किती वेळ धरू?"

"घट्ट होईपर्यंत."

तो गुडघ्यावर बसून राहिला. ती शेजारी बसली. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली.

"योगिनी," तो पत्र्याकडेच बघत म्हणाला, "दिवाळीत काय झालं…"

"बोला," ती म्हणाली. "फक्त हात हलवू नका."