माझे दोन डोंगर

खोटं कशाला बोलू, आमच्या बालवाडीच्या चित्रांचं जे कौतुक व्हायचं, ते खरं म्हणजे माझ्या हाताचं होतं. इंदिरानगरमध्ये मंडळाच्या हॉलमध्ये ही बालवाडी मी या गोष्टीच्या वेळी अठरा वर्षं चालवत होते. दरवर्षी फेब्रुवारीत चित्रांचं प्रदर्शन. आयाबाया नटूनथटून यायच्या, आपल्या पोराचं नाव शोधायच्या आणि ‘अगंबाई, हे आमच्या पिंट्यानं काढलं?’ म्हणून डोळे मोठे करायच्या. पिंट्यानं काय काढलेलं असायचं? चार रेघोट्या आणि एक भोपळा. मग शाळा सुटली की मी चष्मा लावून बसायचे आणि एकेका कागदावर हात फिरवायचे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. आमच्या इंदिरानगरात झोपडीशेजारी नारळ कुठं दिसतो म्हणाल, तर चित्रात नारळ लागतोच.

यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच बाई करतात. आईबाप खूश, पोरं खूश, मंडळ खूश. आणखी काय पाहिजे?

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मंडळानं माझ्या मदतीला मनीषा नावाची मुलगी दिली. देवळाली कॅम्पवरून रोज बसनं यायची. कुठलंसं नवीन ट्रेनिंग करून आलेली. पहिल्याच दिवशी भिंतीवरची फ्रेम केलेली चित्रं बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, हे सगळे डोंगर एकाच हातचे वाटतात.”

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, “तुला काय करायचंय? तू आपली पोरांची नाकं पूस.”

पण ती नाकं पुसून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या पिशवीतून काय काय बाहेर पडायला लागलं. भेंडीची देठं, अर्धं कापलेलं वांगं, सुतळी, कापूस, पिठाचा गोळा, गेरूचा पुडा, वाटलेल्या तांदळाची पेज. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलेला, तर बाजारातून द्राक्षांची फाटकी खोकी गोळा करून आणायची आणि पुठ्ठे उलगडून जमिनीवर पसरायची. पोरं भेंडी रंगात बुडवून ठसे मारायची, सुतळी ओढायची, माती मळायची. मळलेली माती परत मोडायची आणि पुन्हा मळायची. हॉलचा नुसता उकिरडा! आणि मनीषाचा नियम काय, तर पोराला ‘हे काय काढलंस?’ असं विचारायचंच नाही. ‘हे कसं केलंस?’ असं विचारायचं.

“आणि प्रदर्शनात काय लावणार? हे चिखलाचे पुठ्ठे?” मी म्हटलं.

“बाई, पोरांना करताना बघा तरी एकदा.”

“मी अठरा वर्षं बघतेय,” म्हटलं. आता वाटतं, मी कागदच बघत होते. पोरं कुठं बघितली?

आमच्या वर्गात रोशनी नावाची एक मुलगी होती, साडेचार वर्षांची. तिचा बाप मंगळू सुरगाण्याकडचा. आमच्या गल्लीच्या टोकाला तीन मजली इमारत चालली होती, तिथं तो वॉचमन होता आणि आई आशा त्याच इमारतीवर घमेली उचलायची. रोशनी जूनपासून यायची, पण दाराशी, चपलांच्या रांगेजवळ बसायची. एक अक्षर बोलायची नाही. गाण्याला टाळ्या नाहीत, खाऊला हात नाही. खाऊ फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी न्यायची.

दोन-तीन आयांनी तक्रार केली. मंडळाचे अध्यक्ष पुंजारामभाऊ, रिटायर्ड पोस्टमास्तर, शिस्तीचा माणूस. ते मला म्हणाले, “विमलाबाई, ती मुलगी बोलत नाही, खेळत नाही. आपल्याला जमण्यातलं हे काम नाही. प्रदर्शनाच्या दिवशी मी स्वतः बघेन. तोवर काही फरक नसेल तर जूनपासून तिचं नाव काढा. बापाला म्हणावं, खास शाळेत घाल.”

खास शाळा कुठली आणि तिला रोज नेणार कोण? नाव काढलं असतं तर ती पोर दिवसभर परांचीखाली वाळूत बसली असती. गणपतीत तिथं वरून वीट पडली होती, तिच्यापासून वीतभर लांब. तेव्हापासूनच मंगळू सकाळी आठलाच तिला आमच्या पायरीवर आणून बसवायचा. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी भाऊंना म्हटलं, “फरक दिसेल. माझ्यावर सोडा.” माझा स्वभावच असा, आधी शब्द द्यायचा आणि मग कपाळाला हात लावायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी मनीषानं गेरू कालवला आणि रोशनी उठली. चपला ओलांडून आली, पुठ्ठ्यासमोर उकिडवी बसली, तळवा गेरूत बुडवला आणि सारवायला लागली. अर्धगोल, त्याला चिकटून दुसरा अर्धगोल, एक कोपरा सुटला नाही. मग वाळेपर्यंत तशीच बसून राहिली. वाळल्यावर काडी घेऊन तांदळाच्या पेजेत बुडवली आणि ठिपके काढले, रेघा काढल्या, एक गोल काढला. माझ्या अंगावर काटा आला हो! आठ महिने ढिम्म बसलेली पोर! आणि तेवढ्यात तिनं पुन्हा गेरूत हात घातला आणि सगळ्या चित्रावरून फिरवला.

“अगं अगं अगं! नासवलंस की!” मी ओरडले.

मनीषानं माझा दंड धरला. “बाई, करू द्या.”

पुढं रोज तेच. सारवायचं, वाळू द्यायचं, काढायचं, पुन्हा सारवायचं. रोज नवीन चित्र आणि शाळा सुटताना हातात लाल पुठ्ठा. मी मनात म्हणायचे, पोर आहे हुशार, पण भाऊंना दाखवू काय? हा लाल पुठ्ठा?

प्रदर्शनाच्या आधीच्या शुक्रवारी घंटा जरा लवकर झाली आणि रोशनीचं सारवायचं राहून गेलं. चित्र जसंच्या तसं पुठ्ठ्यावर! मला वाटलं, देवच पावला. सगळे गेल्यावर मी तो पुठ्ठा टेबलावर घेतला. ठिपके, रेघा, मधे गोल आणि गोलातून बाहेर आलेल्या बारीक बारीक काड्या. छान होतं, पण समजत काहीच नव्हतं. भाऊ विचारणार, हे काय? मग मी पोस्टर कलर काढले. आधी गोलाचा सूर्य केला. सूर्य झाला म्हटल्यावर दोन डोंगर आले. डोंगर आले म्हटल्यावर झोपडी आली. नारळ तर हातानं आपोआपच काढला. शेवटी खाली सुवाच्य अक्षरात ‘कु. रोशनी’ लिहिलं, दारासमोरच्या भिंतीवर लावलं आणि शीळ घालायची तेवढी बाकी राहिली, इतकी मी खूश होऊन घरी गेले.

सोमवारी रोशनी आली. भिंतीकडं बघितलं. जवळ जाऊन बघितलं. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि चपलांपाशी जाऊन बसली. हात मांडीखाली दाबून.

मनीषानं गेरू कालवला, ती उठली नाही. पीठ दिलं, घेतलं नाही. मंगळवारी तेच. मनीषा मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी चार शब्द उलटे सुनावले असते. बुधवारी रोशनी आलीच नाही.

संध्याकाळी मी इमारतीवर गेले. मंगळू बांधकामावर पाणी मारत होता. मला बघून पाइप खाली टाकला.

“बाई, ती यायला नाय म्हणती. मी लय सांगून बघितलं.”

“घरी बोलते का रे ती?”

“बोलती? डोकं खाती! आन शाळंतलंच सांगायची रोज. आज असं काढलं, आज तसं काढलं. आता दोन दिस झालं गप हाय.”

“पण काढलेलं ती पुसून का टाकायची?”

मंगळू हसला. मोठ्या माणसाला एवढंही कळू नये, तसं हसला. “बाई, आमच्याकडं भितीवं काढत्यात. लगीन असलं, सण असला, का भित सारवायची आन वरून काढायचं. मागलं झाकलं जातं, त्याशिवाय नवं कुठं काढनार? हिची आजी लय भारी काढती. ही तिच्या मांडीला मांडी लावून शिकली.” मग पाइप उचलत म्हणाला, “सारवाया आन काढाया तर मज्जा हाय. नुसतं बघत बसाया कोन काढतंय?”

अठरा वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला हे वाळूच्या ढिगाशेजारी उभं राहून ऐकावं लागलं. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. आजीच्या मांडीजवळ शिकलेला तो हात एवढ्या महिन्यांनी माझ्या हॉलमध्ये उघडला होता आणि त्याच्यावर मी नारळ काढून ठेवला होता.

रोशनी पलीकडं विटांवर बसली होती. मी म्हटलं, “उद्या ये गं. माझं एक काम आहे तुझ्याकडं.” तिनं तोंड फिरवलं.

गुरुवारी आशा तिला ओढतच घेऊन आली. मी भिंतीवरून पुठ्ठा काढला, जमिनीवर ठेवला, पदर खोचला आणि तिच्यासमोर गेरूत हात घातला. माझे दोन डोंगर, सूर्य, झोपडी, सगळ्यावर थापला. मेला पोस्टर कलर सहजासहजी झाकला जाईना. नारळ तर दोनदा वर आला. बांगड्या माखल्या, पातळ माखलं, पोरं खिदळायला लागली. मी आपली सरळ सरळ पुसत होते, फरशी पुसावी तशी.

चपलांजवळून रोशनी उठली. माझ्या शेजारी उकिडवी बसली, माझं मनगट धरलं आणि फिरवलं. अर्धगोल. पुन्हा अर्धगोल. बोलली काहीच नाही. पण तो एवढासा हात माझ्या हातावर होता आणि मला रडू आलं, ते मी गेरूच्या हातानं पुसलं. मनीषा म्हणाली, “बाई, तुमचं तोंड बघा आरशात.”

शुक्रवारी प्रदर्शन. भिंतीवर भेंडीचे ठसे, सुतळीच्या नागमोडी खुणा, मातीचे गोळे, पोरांनी केलं तसं. यंदा एकावरही माझा हात नव्हता आणि मला उघडं पडल्यासारखं होत होतं. आया कुजबुजत होत्या. एक तर तोंडावर म्हणाली, “बाई, यंदा तब्येत बरी नव्हती का तुमची?” रोशनी सकाळपासून आपल्या पुठ्ठ्यापाशी बसलेली. दोनदा काढून झालं होतं, आणि पुंजारामभाऊ दारातून आत आले नेमके तेव्हा तिनं तिसऱ्यांदा सारवून ठेवलं होतं. लाल पुठ्ठा. वर काही नाही.

भाऊ थेट तिच्याकडं गेले. “हीच का ती? काय केलंय हिनं?”

मला अठरा वर्षांत उत्तर शोधावं लागलं नव्हतं. त्या दिवशी शोधलं. म्हटलं, “भाऊ, काढून झालंय. आता पुन्हा काढायचंय.”

“म्हणजे काहीच नाही,” भाऊ म्हणाले आणि वाकून, बोट पुढं करून पुठ्ठ्याला लावायला गेले.

“हात नको लावू. वलं हाय.”

आवाज रोशनीचा होता. स्पष्ट, खणखणीत, आणि पोस्टमास्तरांना अरेतुरे! भाऊंचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी ते चोर पकडल्यासारखं मागं घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “मग वाळणार कधी?”

“उन्हात ठेव.”

आणि सत्तरीच्या पुंजारामभाऊंनी तो पुठ्ठा दोन्ही हातांनी कडेकडेनं धरून बाहेर ओट्यावर नेला. मागोमाग रोशनी, “आडवा धर, आडवा धर,” करत. वाळेपर्यंत दोघं शेजारी बसले. मग तिनं काडी पेजेत बुडवली आणि त्यांना गोल काढून दाखवला. भाऊंनी विचारलं, “हे काय आहे?” तिनं उत्तरच दिलं नाही. मनीषा मागून हळूच म्हणाली, “भाऊ, कसं केलंस असं विचारा.” त्यांनी विचारलं, आणि पोर जी बोलायला लागली ती चहा होईपर्यंत थांबली नाही.

जाताना भाऊ मला एवढंच म्हणाले, “जूनच्या यादीत नाव राहू द्या.” मी मान हलवली. माझ्या डोक्यात मात्र तिचं ते पहिलं वाक्य घुमत होतं. ते ऐकलं भाऊंनी, पण होतं ते माझ्यासाठी. आठवडाभर आधी मलाच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

याला आता सहा वर्षं झाली. ती इमारत कधीच उभी राहिली, मंगळू आता पाथर्डी फाट्याकडच्या साइटवर आहे आणि रोशनी तिथल्या शाळेत पाचवीत. बालवाडीत दर फेब्रुवारीत प्रदर्शन होतं. अजूनही एखाद्या पोराच्या कागदावर दोन रेघा आल्या की मला वाटतं, इथं डोंगर राहिलाय, आणि हात असे शिवशिवतात म्हणून सांगू! मग मी पोराच्या शेजारी जमिनीवर बसते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवते.