हॉबर्टच्या नावची पेन्शन

"तुमचे पती हॉबर्ट वारले तेव्हा तुम्ही दोघं एकत्रच राहत होता?" पेन्शन कचेरीतल्या बाईंनी विचारलं.

"एकाच घरात," व्हर्ना म्हणाली. "तो पुढच्या खोलीत, खुर्चीत झोपायचा. आडवं झालं की श्वास कोंडायचा त्याचा. मी आत."

"म्हणजे एकत्रच," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

हॉबर्टचं आयुष्य केंटकीच्या कोळशाच्या खाणीत गेलं. बासष्टाव्या वर्षी त्याला पेन्शन घेता आली असती, पूर्ण नाही तरी कमी रकमेची. पण तो खोकत खोकत खाणीच्या फाटकावर राखणीला जात राहिला आणि वर्षभरात गेला. व्हर्ना आता साठीची होती. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसून तिचे गुडघे कामातून गेले होते.

"त्यांची पेन्शन आत्ताच सुरू करता येईल," बाई म्हणाल्या, "पण कमी मिळेल, आणि जन्मभर कमीच राहील. नाहीतर दोन वर्षं थांबा. बासष्टाव्या वर्षी तुमची स्वतःची घ्या. ती लहान आहे, पण आधार होईल. मग सदुसष्टाव्या वर्षी त्यांची पूर्ण घ्या."

"थांबू या," शेजारी बसलेली लेक ऱ्होंडा लगेच म्हणाली. "मम्मी, आजी नव्वदी ओलांडून गेली. तुलाही लागेल पुढं."

"आजीनं चादरी नाही उपसल्या." व्हर्ना बाईंकडे वळली. "आत्ता घेतली तर काम सोडता येईल?"

"ओढूनताणून भागेल."

व्हर्ना मग म्हणाली, "बासष्टला घरी बस म्हणून रोज भांडायचे मी त्याच्याशी. ऐकलं नाही. काय मिळवलं?"

"त्यांनी तेव्हा लवकर, कमी घेतली असती," बाई म्हणाल्या, "तर तुमच्या वाट्यालाही कमीच आली असती."

"हे त्याला ठाऊक होतं?"

"ते मला कसं कळणार?"

"ठाऊक होतं," ऱ्होंडा खाली बघत म्हणाली. "डॅडी मला बोलला होता. मम्मीला सांगू नकोस म्हणाला, नाहीतर ती मला घरी बसवेल."

व्हर्नाने पर्स मांडीवरून उचलली. टेबलाला धरून उठली.

"दोन वर्षांनी येते," ती बाईंना म्हणाली.

व्हर्नाची दुपारची पाळी होती म्हणून ऱ्होंडाने तिला गाडीने थेट वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराशी नेलं. व्हर्ना सीटवरच बाजूला वळली, पाय बाहेर सोडले आणि कामाचे बूट घातले. नाडीपर्यंत हात पोचेना. दोनदा वाकून पाहिलं, मग तशीच बसून राहिली.

ऱ्होंडा पलीकडून फिरून आली आणि तिच्यासमोर डांबरावर गुडघे टेकून बसली. आईचे सुजलेले घोटे तिने इतक्या जवळून पाहिले नव्हते.

"मम्मी, आपण परत जाऊ या का त्या बाईंकडे?"

"नको," व्हर्ना म्हणाली. "जरा सैल बांध. संध्याकाळपर्यंत आणखी सुजतात."